कार्ड कुटुंबाचं, उपचार एकट्याचा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे, तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर आधी रेशनकार्ड ठेवावं लागतं. त्या कार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं असतात. दादी, आईबाप, लेकरं, लग्न होऊन आलेली सून. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत वर्षाला 5 लाख रुपयांचं संरक्षण मिळतं, तेही माणशी नव्हे, कुटुंबाला. घरातल्या एकाच्या ऑपरेशनला 2 लाख गेले की उरलेल्या 3 लाखांत बाकीच्यांनी भागवायचं. म्हणजे पैशांच्या हिशेबात सरकार आपल्याला एक घर म्हणून मोजतं.

उपचारांच्या हिशेबात मात्र हे घर दिसेनासं होतं. खाटेवर एक माणूस, केसपेपरवर एक नाव. हृदयाच्या झडपेला किंवा मुतखड्याला हा हिशेब लागू पडतो. मनाच्या काही आजारांना तो लागू पडत नाही, कारण ते आजार घरात चिघळतात आणि घरातच आटोक्यात येतात. अशा वेळी ज्याची गरज असते तो माणूस म्हणजे फॅमिली थेरपिस्ट. सरकारी विम्यानं त्याचे पैसे द्यावेत का, जिथे दिले जातात तिथे ते कसं जमलं, आणि आपल्याकडे गाडी कुठे अडली आहे, याबद्दल मला लिहायचं आहे.

विषय कोरडा वाटेल. माझ्यापर्यंत तो आपाच्या घरातून आला, म्हणून आधी ते घर. नावगाव सांगत नाही. आपानं लिहायची परवानगी दिली ती याच अटीवर.

आपा माझी चुलत बहीण. दुल्हाभाई यंत्रमागावर पाळी करतात. घरात त्यांची आई, थोरला मुलगा, त्याच्या पाठची मुलगी. मुलगा 19 वर्षांचा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. त्यानं हळूहळू कॉलेज सोडलं, मग मित्र सोडले, मग खोलीबाहेर येणं सोडलं. दादीचं म्हणणं, नजर लागली. दुल्हाभाईंचं म्हणणं, "कुछ नै हुआ इसकू, कामचोर है." आपा दोघांच्या मधे. नवरा पाळीवर गेला की मुलाला ताट नेऊन द्यायची, तो यायच्या आत खरकटं उचलायची. मग एका रात्री मुलगा सांगू लागला की शेजारच्या मागांच्या खटखटीत त्याचं नाव घेतलं जातंय. त्यानं मागाच्या शेडची काच फोडली. शेजाऱ्यांनी धरून बांधला.

सरकारी रुग्णालयात तो 12 दिवस भरती होता. निदान झालं, स्किझोफ्रेनिया. या 12 दिवसांत घरच्यांना एक रुपया लागला नाही. औषधं मिळाली, तपासण्या झाल्या, वागणूकही चांगली मिळाली. सुट्टी देताना तिथल्या तरुण डॉक्टरांनी आपाला बाजूला घेऊन सांगितलं, "गोळ्या चालू ठेवा, पण तेवढ्यावर भागणार नाही. घरातल्या सगळ्यांना एकत्र घेऊन कुणीतरी बसलं पाहिजे. आमच्याकडे त्या कामाला सध्या माणूस नाही."

असं काम करणाऱ्या एक बाई शहरात होत्या. एका बैठकीचे 1,200 रुपये. पाच माणसांचं एसटीचं भाडं वेगळं आणि दुल्हाभाईंची बुडालेली पाळी वेगळी. तीन बैठका झाल्या, चौथीला पैसे नव्हते. पाच महिन्यांनी मुलगा पुन्हा त्याच वॉर्डात दाखल झाला. दुसऱ्या वेळीही सगळं फुकट झालं. तिसऱ्यांदा न्यावं लागलं असतं तरी झालं असतं. योजनेची दुसऱ्या, तिसऱ्या भरतीला ना नव्हती. चौथ्या बैठकीसाठी मात्र तिच्याकडे रकानाच नव्हता.

त्या तीन बैठकांत काय झालं, ते सांगायला हवं, कारण "नुसतं बोलून काय होणार" हा प्रश्न आपल्याकडे पहिला येतो. पहिल्या बैठकीत दुल्हाभाई एक शब्द बोलले नाहीत. बाईंनी त्यांना बोलायला लावलं नाही. दुसऱ्या बैठकीत धाकटी मुलगी, जिला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं, म्हणाली की ती रात्री कडी लावून झोपते आणि भावाशी बोलायचंय पण भीती वाटते. हे आईला माहीत नव्हतं. तिसऱ्या बैठकीत दोन गोष्टी ठरल्या. एक, "कामचोर" हा शब्द आठवडाभर घरात उच्चारायचा नाही. दोन, गोळीची आठवण चौघांनी चारदा करायची नाही, फक्त दादी करेल, एकदाच, रात्रीच्या जेवणानंतर. दादीचं ऐकायला त्याला अपमान वाटत नव्हता. त्या काळात गोळ्या चुकल्या नाहीत, असं आपा सांगते. पुढे बैठका थांबल्या, कामाची मंदी आली, घरात चिडचिड वाढली आणि सगळं पूर्वपदावर गेलं. तिसऱ्या बैठकीतून जे हाती लागलं होतं, ते टिकवायला आणखी चारपाच बैठका लागल्या असत्या.

घरी घेऊन बसणं ही कल्पना आपल्याला परकी नाही. सूरह निसाच्या 35व्या आयतीत पतीपत्नीत बेबनाव झाला तर दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमायला सांगितलं आहे. 2002 मध्ये शमीम आरा खटल्यात सुप्रीम कोर्टानं आणि त्याच वर्षी मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद इथल्या पूर्णपीठानं, तलाकच्या आधी समझोत्याचा असा प्रयत्न झालेला असला पाहिजे, हे स्पष्ट केलं. मोहल्ल्यात जमातीचे जबाबदार लोक भांडणं मिटवतात, त्यातली कितीतरी कोर्टाची पायरी न चढता मिटतात. त्यांच्या कामाचं मोल मी कमी करत नाही.

पण मध्यस्थ आणि थेरपिस्ट यांचं काम वेगळं आहे. मध्यस्थाला निवाडा करायचा असतो. कुणाचं चुकलं, कुणी माफी मागायची, मेहर किती, मुलं कुणाकडे. थेरपिस्ट निवाडा करत नाही. घरात कोण कुणाशी कसं बोलतं, कोण गप्प बसतं, एकाच्या आजाराभोवती बाकीच्यांनी कसे कोपरे धरलेत, हे तो बघतो आणि घरच्यांना दाखवतो. जमातीच्या बैठकीत बहुधा पुरुष बोलतात, बाई आतल्या खोलीतून निरोप पाठवते. थेरपिस्टच्या खोलीत 16 वर्षांच्या मुलीलाही तिची पाळी मिळते. शिवाय तिथे बोललेलं तिथेच राहतं. मोहल्ल्यात मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना "यांच्या घरात वेड आहे" ही कुजबुज काय करू शकते, हे वाचकांना सांगायची गरज नाही.

याला वैद्यकाचा आधार आहे का? आहे, आणि जुना आहे. 1950 च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांचे सहकारी मनोरुग्णालयांतून सुटलेल्या पुरुषांचं पुढे काय होतं ते तपासत होते. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेल्यांपेक्षा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेले कमी प्रमाणात पुन्हा आजारी पडत होते, असं त्यांना दिसलं. घर वाईट असतं, असा याचा अर्थ नव्हता. पुढच्या अभ्यासांतून कळलं की सतत टोचणं, राग आणि नको इतकी काळजी, या तीन गोष्टी ज्या घरात जास्त असतात, तिथे आजार उलटण्याची शक्यता वाढते. आणि घरच्यांना आजार समजावून, बोलण्याची पद्धत बदलून ही शक्यता कमी करता येते. 1980 च्या दशकात चंदीगडला असाच अभ्यास झाला, तेव्हा तिथल्या कुटुंबांत ही टोचणी लंडनच्या कुटुंबांपेक्षा कमी आढळली. म्हणजे आपल्या घरांत मुळात बळ आहे. ते थकलं की त्याला हात द्यायला कुणी नसतं, एवढाच प्रश्न आहे.

भारतात याची सुरुवातही लवकर झाली होती. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तिथे राहायला बोलावलं. माणूस बरा होताना घरच्यांनी डोळ्यांनी पाहिला, त्याला कसं सांभाळायचं ते शिकले आणि त्याला घेऊन घरी गेले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनंही कुटुंबाला रुग्णासोबत ठेवून घेण्याची पद्धत अंगीकारली. पुढे बंगळुरूच्या निम्हान्समध्ये कुटुंबांवरच्या उपचारांचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. हे सगळं आपल्या देशात झालं, आणि पैशाच्या व्यवस्थेत कधी उतरलं नाही.

आता अमेरिकेकडे बघू. तिथली आरोग्यव्यवस्था महागडी आणि बऱ्याच बाबतींत अन्यायाची आहे, ती डोळे झाकून उचलावी असं मी म्हणणार नाही. पण या एका प्रश्नात तिथे नुकतंच काहीतरी घडलं आहे आणि ते कसं घडलं, हे कळणं आपल्या कामाचं आहे.

अमेरिकेत 65 वर्षांवरच्या लोकांसाठी आणि काही अपंग व्यक्तींसाठी मेडिकेअर हा सरकारी विमा आहे. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी 30 जुलै 1965 रोजी त्या कायद्यावर सही केली. आज साडेसहा कोटींहून जास्त लोक त्यात आहेत. त्यांचं कार्ड एकेकट्याचं असतं. नवऱ्याचं वेगळं, बायकोचं वेगळं. म्हणजे आपल्या अगदी उलट.

सुरुवातीला मेडिकेअरला मनाचे उपचार म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर, एवढंच माहीत होतं. 1989 च्या कायद्यानं मानसशास्त्रज्ञ आणि क्लिनिकल सोशल वर्कर यांना त्यात जागा मिळाली. फॅमिली थेरपिस्ट बाहेरच राहिले. शरीराच्या आजारासाठी डॉक्टरकडे गेलं तर रुग्णाला बिलाचे 20 टक्के भरावे लागत, मनाच्या आजारासाठी गेलं तर 50 टक्के. हा भेद मिटवायचा कायदा 2008 मध्ये झाला आणि तो टप्प्याटप्प्यानं 2014 पर्यंत मिटला.

फॅमिली थेरपिस्ट आत यायला आणखी 10 वर्षं गेली. त्यांच्या बाजूची विधेयकं संसदेत पुन्हा पुन्हा मांडली जात होती आणि पडून राहत होती. शेवटी रिपब्लिकन पक्षाचे जॉन बरासो आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या डेबी स्टॅबेनॉ या सेनेटरांनी मिळून ही मागणी लावून धरली. दोघांच्या राज्यांत ग्रामीण भाग मोठा आहे. तिथली अडचण साधी होती. कित्येक तालुक्यांएवढ्या भागांत मानसोपचारतज्ज्ञ नाही, मानसशास्त्रज्ञ नाही, पण परवानाधारक फॅमिली थेरपिस्ट किंवा समुपदेशक आहे. त्याच्याकडे तरुण माणूस खाजगी विम्यावर जाऊ शकतो, पण 65 वर्षं पूर्ण झाली आणि मेडिकेअर लागू झालं की त्याच थेरपिस्टकडे जाणं बंद. 29 डिसेंबर 2022 रोजी जो बायडन यांनी सही केलेल्या अर्थसंकल्पी कायद्यात ही तरतूद आली आणि 1 जानेवारी 2024 पासून मेडिकेअर फॅमिली थेरपिस्टचे पैसे देऊ लागलं.

अटी काय आहेत, ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. थेरपिस्टकडे पदव्युत्तर पदवी हवी, राज्याचा परवाना हवा आणि पदवीनंतर किमान 2 वर्षं किंवा 3,000 तास देखरेखीखाली काम केलेलं हवं. दर मानसशास्त्रज्ञाच्या दराच्या 75 टक्के. वर्षाची ठरलेली सुरुवातीची रक्कम भरल्यावर रुग्णानं 20 टक्के द्यायचे, बाकी सरकारचे. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, घरचे बैठकीला येऊ शकतात, पण बैठकीचा मुख्य हेतू ज्याच्या नावाचं कार्ड आहे त्याच्या आजारावर उपचार, हाच असला पाहिजे. नवराबायकोचं पटत नाही, एवढ्या कारणासाठी मेडिकेअर पैसे देत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या नवऱ्याला सांभाळता सांभाळता बायको नैराश्यात गेली, तर तिच्या निदानावर मुलांसह बैठक होऊ शकते.

यात एक अपुरेपण आहेच. घराचा प्रश्न कुणातरी एकाच्या नावावर आजार म्हणून लिहावा लागतो. पण त्यातून एक मोठी भीतीही दूर होते, की सरकारी विमा घरोघरच्या भांडणांचे पैसे देत बसेल. दार उघडलं आहे आणि दाराला चौकटही आहे.

हे शक्य झालं कारण पैशांच्या आधी परवाना आला होता. कॅलिफोर्नियानं 1963 मध्ये विवाह आणि कुटुंब समुपदेशकांना परवाना देणं सुरू केलं. एकेक करत 2009 पर्यंत पन्नासही राज्यांत परवाना झाला. कोण पात्र आणि कोण नाही, याचं उत्तर तयार होतं, म्हणून विमा "कुणाला पैसे देऊ?" असं विचारू शकला नाही. जर्मनीत क्रम जवळपास असाच आहे. कुटुंबाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या सिस्टेमिक थेरपीला तिथे 2008 मध्ये शास्त्रीय मान्यता मिळाली, सार्वजनिक आरोग्यविम्यात प्रौढांसाठी ती 2020 मध्ये मिळू लागली. आधी ओळख, मग पैसे.

आपल्याकडे काय आहे? कायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये झाला, 29 मे 2018 पासून लागू झाला. त्याच्या कलम 21 मध्ये म्हटलं आहे की प्रत्येक विमा कंपनीनं मनाच्या आजारांना शरीराच्या आजारांसारखंच संरक्षण द्यावं. विमा नियामक प्राधिकरणानं ऑगस्ट 2018 मध्ये कंपन्यांना तसं कळवलं, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा एकदा बजावलं. आयुष्मान भारत योजनेत मनोविकारांसाठी भरती होण्याची पॅकेजेस आहेत, विजेच्या उपचाराचंही आहे.

पण समानता म्हणजे कशाशी समानता? आपले बहुतेक विमे खाटेचे विमे आहेत. भरती व्हा, मग पैसे. आयुष्मान भारत सुट्टीनंतर 15 दिवसांचा औषधपाण्याचा खर्च धरतं. ओपीडी त्यात नाही. हर्नियाचा माणूस 15 दिवसांत कामाला लागतो. आपाच्या मुलाचं खरं काम सोळाव्या दिवशी सुरू झालं होतं. मनाच्या आजाराला खाटेवर मोजून शरीराच्या आजाराशी बरोबरी केली, तर कागदावर समानता येते आणि घरात काहीच येत नाही.

दुसरी अडचण ओळखीची. भारतात फॅमिली थेरपिस्टला वेगळा परवाना नाही. 2017 च्या कायद्यात मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसोपचार परिचारिका आणि मानसोपचार समाजकार्यकर्ता यांच्या व्याख्या आहेत, फॅमिली थेरपिस्टची नाही. कुणीही आठवड्याचा कोर्स करून "फॅमिली काउन्सेलर" अशी पाटी लावू शकतो आणि लावतोही. अशा पाटीला सरकारनं पैसे द्यावेत, असं मीही म्हणणार नाही. 2021 मध्ये संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्यात वर्तन आरोग्याशी संबंधित व्यावसायिकांचा स्वतंत्र गट आहे, समुपदेशक आणि मानसोपचार समाजकार्यकर्ते त्यात येतात. नोंदणी, अभ्यासक्रम, किमान तास हे सगळं या कायद्यातून ठरू शकतं. अमेरिकेतल्या परवान्याची जागा आपल्याकडे हा कायदा घेऊ शकतो.

पण आपल्याला सगळं शून्यातून सुरू करायचं नाही. कुटुंबाला घेऊन बसण्याचं रीतसर शिक्षण मानसोपचार समाजकार्यकर्त्यांना मिळतं. 1996 पासून चालणाऱ्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात त्यांची जागा आहे. मुंबई पोलीस आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं 1984 मध्ये महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तिथे समाजकार्यकर्त्या घरातल्या हिंसेच्या प्रकरणांत पोलीस ठाण्याच्या आवारात बसून काम करतात. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली सुरू झालेलं दिलासा केंद्र सरकारी रुग्णालयातच समुपदेशन देतं. म्हणजे सरकारी छताखाली बसून माणसांशी बोलणं हे काम आहे आणि त्याचा पगार देता येतो, हे महाराष्ट्रानं कधीच मान्य केलं आहे. राहिलं आहे ते विम्याच्या यादीत त्याला एक ओळ मिळणं.

इथे एक इशारा द्यायला हवा. ज्या घरात मारहाण होते, तिथे सगळ्यांना एका खोलीत बसवणं धोक्याचं असतं. मार खाणारी बाई मारणाऱ्यासमोर खरं बोलू शकत नाही, आणि बोललीच तर घरी गेल्यावर किंमत मोजते. अशा वेळी आधी तिची सुरक्षितता आणि कायद्याचा आधार. चांगला थेरपिस्ट हे पहिल्या भेटीत, प्रत्येकाला वेगवेगळं भेटून ओळखतो. म्हणूनच प्रशिक्षण आणि नोंदणीचा आग्रह. आठवड्याच्या कोर्सवाला तिला "थोडं सांभाळून घे" म्हणून परत पाठवेल, आणि ते ऐकायला तिला थेरपिस्टकडे जायची गरज नव्हती.

आपल्या समाजापुरतं बोलायचं, तर या मागणीचं महत्त्व आणखी एका कारणानं आहे. मनाच्या आजारासाठी आपल्याकडे पहिला रस्ता दर्ग्याकडे जातो. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूत एर्वाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयस्थानात आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली 28 माणसं पळता न आल्यानं जळून गेली. त्यानंतर सुप्रीम कोर्टानं दखल घेतली, तपासण्या झाल्या, असली ठिकाणं बंद झाली. पण माणसं तिकडे का गेली होती, हा प्रश्न उरलाच. घरच्यांना विश्रांती हवी होती, कुणीतरी ऐकून घ्यायला हवं होतं, आणि दुसरं कुणी नव्हतं.

गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 2008 पासून चाललेला "दवा आणि दुआ" उपक्रम मला म्हणून मोलाचा वाटतो. आपल्याकडूनही अनेक घरं तिथे जातात. तिथे मुजावरांना आजार ओळखायचं शिक्षण दिलं आणि आवारातच मानसोपचाराचा दवाखाना सुरू केला. मुजावर दुआ करतात आणि दवाखान्याची वाटही दाखवतात. तिथे माणूस एकटा येत नाही, अख्खं घर येतं, कधीकधी आठवडेच्या आठवडे राहतं. अमृतसरच्या तंबूंत डॉ. विद्यासागर यांनी मुद्दाम घडवून आणलं, ते इथे आपोआप जमलेलं आहे. अशा ठिकाणी प्रशिक्षित थेरपिस्ट असेल आणि त्याचे पैसे आयुष्मान कार्डावर मिळणार असतील, तर कुटुंबाला बोलावून आणायचे कष्टही वाचतील.

"सरकारनं आमच्या घरात कशाला शिरायचं?" हा आक्षेप मी घरातच ऐकला आहे, दुल्हाभाईंकडून. त्यातली भीती खोटी नाही. मुसलमानाच्या घरातली गोष्ट बाहेर गेली की तिची बातमी होते. पण 2017 च्याच कायद्यानं रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा हक्क मानला आहे, कलम 23 मध्ये. आणि विमा थेरपिस्टला पैसे देतो, म्हणजे सरकार बैठकीत येऊन बसतं असं होत नाही. ऑपरेशनचे पैसे सरकारनं दिले म्हणून मंत्री ऑपरेशन थिएटरात येत नाहीत.

दुसरा फायदा आपल्या मुलींचा. मानसशास्त्रात बी.ए. करणाऱ्या, समाजकार्याची पदवी घेणाऱ्या मुस्लीम मुली मला दरवर्षी भेटतात. पुढे काय, हे त्यांना माहीत नसतं, कारण बोलण्याच्या कामाला छोट्या गावात गिऱ्हाईक नाही. विम्यानं पैसे द्यायचं ठरवलं, तर हे काम उपजीविकेचं होईल. आणि दखनीत बोललेलं "दिल घबराता" आणि "जी नै लगता" यांतला फरक कळणारा माणूस खुर्चीत बसलेला असेल.

आपाच्या मोहल्ल्यातल्या जमातीनं मागे डायलिसिस मशीनसाठी आमदारांना निवेदन दिलं होतं. त्याच लोकांशी बोलून आम्ही या वेळी एक निवेदन तयार केलं आहे, राज्य आरोग्य हमी सोसायटीच्या नावानं, कारण फुले योजना तीच चालवते. मागण्या चारच आहेत. मनोविकारासाठी भरती झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या कुटुंबाला सुट्टीनंतर वर्षभरात 8 बैठका योजनेतून मिळाव्यात. त्या घेण्याचा अधिकार आज मानसोपचार समाजकार्यकर्त्यांना आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना द्यावा, नोंदणी सुरू झाली की फॅमिली थेरपिस्टना. बैठका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी व्हाव्यात, म्हणजे पाळी बुडणार नाही. आणि प्रवासाचं भाडं मिळावं.

सह्या गोळा करणं सुरू आहे. पहिली सही दादीची आहे, अंगठा. दुसरी दुल्हाभाईंची. तुमच्या गावात असं निवेदन द्यायचं असेल तर मजकूर मागवा, पाठवते. आणि घरात आज, आत्ता कुणाशी बोलायची गरज असेल, तर ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानसचा 14416 हा फुकट नंबर चालू आहे. तिथे रुग्णाच्या घरच्यांनीही फोन केला तर चालतो.